दक्षिणमुखी उमेदवारी

आमच्या घरात दक्षिणेकडे तोंड करून कोणी जेवायला बसत नाही. पाय दक्षिणेला करून कोणी झोपत नाही, देवही दक्षिणेकडे बघत नाहीत. ती दिशा श्राद्धाच्या दिवशी पितरांसाठी, बाकी वर्षभर तिचं नाव काढायचं नाही. हे मला कोणी बसवून शिकवलं नाही. बनारसला रामघाटाच्या गल्लीत मराठी घरात वाढलेल्या पोरीच्या ते अंगातच मुरतं. आणि माझ्या अंगात ते इतकं मुरलं होतं की त्यानं माझ्या पहिल्या नोकरीची पहिल्याच आठवड्यात पार वाट लावली.

नोकरी तरी कशी म्हणायची? मी इंटर्न होते. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून संक्रांतीनंतर मी एका छोट्या कंपनीत चिकटले. ती लोकांच्या छतांवर सौर पॅनेल बसवायची. भेलूपूरला दोन खोल्या, वर एक छत, आणि आमचे सर. सर अस्सल बनारसी. तोंडात पान असलं की ते खुणांनी बोलत आणि नसलं की ग्रीन जॉबच्या भविष्यावर बोलत. मला एक पिवळं हेल्मेट मिळालं. दुसऱ्याच दिवशी ते माकडानं पळवलं आणि तीन केळी घेतल्याशिवाय परत दिलं नाही.

घरी हे सगळं समजावून सांगणं हे वेगळंच काम होतं. आई शेजारपाजारी "आमची मुलगी सूर्याचं काम करते" एवढंच सांगायची, आणि लोक मान डोलावून गप्प बसायचे. बाबा वेदशाळेत शिकवतात. ते खोलात शिरले.

"इंटर्न म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे अजून नोकरीत ठेवलेलं नाही. पण काम करायचं, शिकायचं."

"म्हणजे शिष्य. मग गुरूच्या घरी भांडी घासतेस का?"

"नाही हो बाबा. पॅनेल पुसते."

"तेच ते," बाबा म्हणाले आणि पंचांग उघडून बसले.

पंचांग त्यांनी उगीच उघडलं नव्हतं. आमचा करार झाला होता. तीन महिन्यांत सरांनी मला पक्कं केलं तर मी बनारसात राहणार. नाही केलं तर पुण्याला मामाकडे जाऊन बँकेच्या परीक्षेचा क्लास लावणार. मामानं क्लास हेरूनही ठेवला होता. मला पुण्याला जायचं नव्हतं. तिथे मी गच्चीला छत म्हटलं की मामेबहिणी फिदीफिदी हसतात, आणि ऊन न म्हणता "धूप कडक आहे" म्हटलं की एकमेकींना टाळ्या देतात. मला माझी गल्ली हवी होती, माझं तोडकंमोडकं मराठी हवं होतं आणि हे विजेचं काम मला मनापासून आवडायला लागलं होतं. हे मी बाबांना सांगितलं नाही, कारण ते "बरं" म्हणाले असते आणि पंचांगातच बघत राहिले असते.

तर पहिल्या आठवड्यातला पराक्रम. कंपनीच्या छतावर गिऱ्हाइकांना दाखवायला एक पॅनेल बसवायचं होतं. त्यावर एक दिवा आणि एक छोटा पंखा चालणार होता. सरांनी सगळं माझ्यावर सोपवलं. मी नट आवळले, वायरी जोडल्या, चौकटीला फुलंही वाहिली. पंखा दोनदा फिरला आणि थांबला. पुढचे चार दिवस आम्ही वायरी बदलल्या, बॅटरी बदलली, पंखा बदलला. शेवटी सर स्वतः छतावर आले. पान थुंकायला कठड्याशी गेले, तिथून वळून त्यांनी पॅनेलकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"अरे बिटिया, सूरज से झगड़ा है का तुम्हारा? मुँह फेर के काहे बैठा दी इसको?"

मी पॅनेल उत्तरेकडे तोंड करून बसवलं होतं. आपल्या देशात सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेच्या अंगानं जातो, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे कलतं ठेवायचं, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं होतं. मार्कही पूर्ण मिळाले होते. पण प्रत्यक्ष बसवताना हातानं घरचं ऐकलं. मी सरांना श्राद्धापासून सगळं समजावलं. ते हसता हसता खाली बसले, आणि उठले तेव्हा त्यांना कल्पना सुचलेली होती.

"ऐसा करो. तुम्हारी मराठी गली में आज तक हमारा एक पैनल नहीं लगा. एक छत ले आओ, लगवा दो, चला के दिखा दो. फिर तुम पक्की."

आमच्या गल्लीत पॅनेल विकायचं म्हणजे माझ्याच रोगाच्या माणसांना औषध विकायचं. मी दारोदार फिरले. सगळ्यांनी चहा दिला, सगळ्यांनी लग्नाचं विचारलं, आणि "दक्षिणेकडे" हा शब्द आला की सगळ्यांना गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. मार्च संपत आला. बाबांनी पुण्याचं तिकीट काढून पंचांगात खुणेसारखं ठेवलं. एप्रिलमधल्या एका रविवारचं होतं ते.

राहिल्या फक्त शेजारच्या काकू. त्यांना मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्यांना अख्खी गल्ली घाबरते. पण त्यांच्या छतासारखं ऊन गल्लीत दुसरीकडे कुठे नाही. त्या उन्हावर काकू सगळ्या मराठी घरांचे पापड, सांडगे आणि कुरडया वाळवतात, हातात माकडांसाठी काठी घेऊन. काका रेल्वेतून निवृत्त झालेत. ते खाली चहा पीत बसतात आणि वर येत नाहीत.

"छतावरची धूप माझी आहे," काकूंनी सुरुवातीलाच बजावलं.

मी तीन दिवस खडू घेऊन त्यांच्या छतावर सावल्यांच्या रेघा मारल्या आणि दाखवून दिलं की सहा पॅनेल उत्तरेच्या कठड्याला लावली तर सावली पलीकडे पडेल, पापडाला धक्का लागणार नाही. काकूंनी रेघा ओलांडून पाहिल्या. ते पटलं.

"पण तोंड कुणीकडे?"

"दक्षिणेकडे."

"म्हणजे माझ्या घरावर बसून बारा महिने श्राद्ध?"

इथे माझं डोकं कसं चाललं कोण जाणे. मी म्हटलं, "काकू, मग दक्षिणमुखी मारुती चालतो कसा? शनिवारी तुम्हीच तेल घालता ना?"

"तो मारुती आहे गं."

"आणि मारुती शिकला कुणाकडे? सूर्याकडे. गुरूकडे तोंड करूनच शिकतात ना? हे पॅनेलही तसंच. सूर्य जिकडे, याचं तोंड तिकडे."

काकूंनी काठीनं जमीन टोकरली. मग म्हणाल्या, "बरं. पण मारुती म्हणालीस ना, मग पूजा माझ्या हातची. त्यात तू बोलायचं नाही."

मी आनंदानं कबूल झाले. इथेच चुकलं, पण ते नंतर.

पॅनेल नावेतून रामघाटाला आली आणि तिथून पायऱ्यांवरून खांद्यावर. गल्लीच्या वळणावर सांड उभा होता. पॅनेलच्या काळ्या काचेत त्याला दुसरा सांड दिसला. तो हटेना, कारण समोरचाही हटत नव्हता. शेवटी काकूंनी वरून काठी दाखवली तेव्हा दोघेही गेले. संध्याकाळपर्यंत सहाही पॅनेल बसली, घरात पंखा फिरला, काका खालून "वा!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर तपासायला येणार होते. त्याच आठवड्याच्या रविवारी माझी पुण्याची गाडी होती, आणि रविवारला तीन दिवस उरले होते.

सकाळी साडेआठला सर आले. मी त्यांना ऐटीत वर नेलं. सरांनी भिंतीवरच्या मीटरकडे पाहिलं. असायला हवा त्याच्या निम्माही आकडा नव्हता. मग आम्ही दोघांनी पॅनेलकडे पाहिलं.

काकूंनी पहाटे पूजा आटोपली होती. प्रत्येक पॅनेलवर ओल्या कुंकवाचं हातभर स्वस्तिक, भोवती हळदीची बोटं, वर चिकटलेल्या अक्षता आणि सहाही पॅनेलांना मिळून एक लांबलचक झेंडूची माळ. पॅनेलांचं असं असतं की एकावर थोडी सावली पडली तरी सगळी ओळ रुसते. इथे तर सगळ्याच नववधू झाल्या होत्या.

"ये साफ करना पड़ेगा," सर म्हणाले. माळ मी काढून बाजूला ठेवली. मग खिशातून फडकं काढलं आणि पहिल्या स्वस्तिकाला लावणार, तोच मागून काठी आपटली.

"काय करतेस?"

"पुसते, काकू."

"काका खाली जिवंत बसलेत चहा पीत, आणि तू सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसतेस?"

"काय झालं गं?" काका खालून ओरडले.

"काही नाही! तुम्ही चहा प्या!"

माझा हात फडक्यासकट हवेत राहिला. एमएस्सी एका बाजूला, आणि काका एका बाजूला. मला पुसवेना. पॅनेल उत्तरेकडे फिरवणाऱ्या त्याच हाताला कुंकूही पुसता येत नव्हतं. सर घड्याळ पाहत होते आणि मला पुण्याचं स्टेशन दिसायला लागलं होतं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

त्या दिवशी वद्य प्रतिपदा होती. प्रतिपदेला वेदशाळा बंद असते, म्हणून बाबांचं सगळं उशिरा चाललं होतं. ते शेजारच्याच आमच्या छतावर तुळशीला पाणी घालत होते. एक शब्द न चुकता ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी धोतर सावरलं, मधला बुटका कठडा ओलांडला आणि तांब्या घेऊन आमच्यात येऊन उभे राहिले.

"वहिनी, पूजा झाली?"

"झाली."

"मग अभिषेक नको? मारुतीचं कुंकू आपण पुसतो कधी? आपण देवाला स्नान घालतो. ते आपोआप उतरतं."

काकूंनी काठी खाली टेकवली. "ते बरोबर आहे."

"ऊन तापायच्या आत करायचं ना?" बाबांनी मला विचारलं. गरम काचेवर गार पाणी घालत नाहीत, हे मी कधीतरी जेवताना बोलले होते. त्यांनी पंचांगातून डोकं वर न काढता ते ऐकलं होतं. मी "हो" म्हटलं.

सूर्याची बारा नावं, सहा पॅनेल, म्हणजे एकेकाला दोन तांबे. बाबा खड्या आवाजात एकेक नाव घेत होते, काकू बादली भरून देत होत्या, आणि मी मऊ फडक्यानं, पुसत नाही असं दाखवत, पाणी निपटत होते. कुंकू, हळद, अक्षता, शहराची धूळ, सगळं खाली वाहून गेलं. सर मीटरसमोर वाकून आकडा मोठ्यानं वाचत होते. बाबांचा आवाज आणि सरांचा आकडा एकाच वेळी चढत चालले. बाराव्या नावाला सरांनी पान असलेल्या तोंडानं "वाह गुरुजी!" म्हटलं आणि स्वतःचा शर्ट रंगवून घेतला.

"ये हर बार करिएगा?" त्यांनी विचारलं. "पूरे शहर में पैनल लगा के छोड़ देते हैं लोग, कोई धोता नहीं. बोल बोल के थक गए हम."

"दर रविवारी," काकू म्हणाल्या. "सूर्याचा वार."

"इतवार के इतवार," मी सरांना सांगितलं.

सर जाताना जिन्यात थांबले. "सोमवार से टाइम पे आना. अब तुम पक्की हो." मग खाली काकांना नमस्कार करून, काकूंकडून पापडांची पिशवी घेऊन गेले.

दुपारी आम्ही जेवायला बसणार होतो. बाबांनी पंचांग उघडलं, तिकीट काढलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हे रद्द करून ये. रविवारी तुला कसं जाता येईल? अभिषेक आहे."

बाबा लगेच पुन्हा पंचांगात शिरले. मी गडबडीनं समोर दिसलेल्या पाटावर बसले, आणि वरणभातावर तूप पडल्यावर लक्षात आलं की माझं तोंड दक्षिणेकडे आहे. मी दचकून उठायला लागले. आईनं खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"बस गं," ती म्हणाली. "तुला चालतं आता."