धूर निळा होईपर्यंत

मंगळू सुरगाण्याकडचा. देवळाली कॅम्पातल्या आमच्या क्लबात तो भांडी घासायला आला तेव्हा मी तिथं कारकून होतो, आणि खरं सांगतो, मला तो ठोंब्या वाटला होता. आज विचारावं तर उद्या उत्तर देणार! जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

क्लबात एक गोल लोखंडी शेगडी होती, चांगली तीन फूट रुंद. वर घुमटासारखं झाकण, झाकणाला धूर जायला भोकं. आत अख्खा बोकड मावायचा. आमच्या खानसाम्यानं तिच्यात दोन बोकड बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे करून दाखवले, मग त्या शेगडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. एकदा मंगळूनं ती घासूनपुसून काढली. निखारे दोन्ही कडांना सारले, मधे बोकड ठेवला, झाकणाच्या कडेनं ओली माती लिंपली आणि चार तास उकिडवा बसून धूर बघत राहिला. पांढरा धूर म्हणजे आत अजून पाणी आहे, विरळ निळा झाला की काम झालं. भट्टीवर तो हेच शिकला होता. त्या दिवसापासून रविवारचा बोकड मंगळूचा झाला.

नोकरी मात्र रोजंदारीचीच. दिवाळी झाली की त्याची बायको फुलाबाई पोरांना घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जायची, ती होळीला परतायची. अठ्ठ्याहत्तर साली मी सेक्रेटरी साहेबांच्या मागे लागून मंगळूच्या कायम नोकरीचं पत्र टाइप केलं. दिवाळी तोंडावर आली होती. सही रविवारच्या जेवणानंतर व्हायची होती.

त्या रविवारी पाहुणे तासभर आधीच टपकले. साहेबांना मिरवायची भारी हौस.

“मंगळू, झाकण काढ. लोकांना बघू दे.”

“नाय साहेब. धूर पांढरा हाय अजून. आता वारा लागला तर वरून जळंल, आत कच्चा राहील.”

“काढ म्हणतो ना! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

पत्र माझ्या खिशात होतं. मी मंगळूला डोळ्यांनी खुणावत होतो, अरे बाबा, काढ एकदाचं. त्यानं क्लबाचा अॅप्रन सोडला, घडी करून माझ्या हातात दिला आणि पुन्हा शेगडीपाशी बसला.

“नोकरी गेली तर गेली, साहेब. एवढा बोकड पुरा करून जातो.”

साहेब लालबुंद झाले, पण पाहुण्यांसमोर तमाशा कोण करणार? पाहुण्यांना घेऊन आत गेले.

तासाभरानं धूर निळा झाला. मंगळूनं माती फोडली. मांस चमच्यानं हाडापासून सुटत होतं. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं, मग माझ्यापुढे हात केला.

“आण ते पत्र.”

सही झाली तसा मी मागच्या अंगणात धावलो. मंगळू उरलेले निखारे मातीत दाबत होता, पुन्हा वापरता यावेत म्हणून. वाचता येत नव्हतं, तरी त्यानं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

“मंग घरी सांगू ना, औंदा ऊस तोडाया जायाचं नाय म्हणून?”

“सांग,” मी म्हणालो. तो तिथंच मातीत बसून रडला.

मंगळूनं पुढं अकरा वर्षं ती शेगडी सांभाळली. मी त्याला झाकण काढायला खुणावत होतो, हे त्यानं पाहिलं होतं. त्याबद्दल तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही.