गच्चीवर वाळवलेले मणी

माझ्या कपाटात स्टीलचा एक डबा आहे. त्यात साबुदाण्याएवढे मळकट मणी आहेत, झिओलाइटचे. दाखवण्यासारखे नाहीत, फेकवतही नाहीत.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक आहे. फावल्या वेळात ऑक्सिजनची मशीनं दुरुस्त करतो. अशा मशीनचा जीव या मण्यांत असतो. मण्याला आतून रेणूच्या मापाची, डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. हवा दाबानं सोडली की तिच्यातला नायट्रोजन भोकांच्या भिंतींना चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो, मणी पुन्हा रिकामे. पाण्याचं मात्र तसं नाही. ओल एकदा आत शिरली की जागा अडवून बसते, भट्टीची आच दिल्याशिवाय हटत नाही. हे मी मुलांना दरवर्षी सांगतो.

त्या मे महिन्यात पडेगावचे एक काका फुप्फुसाच्या आजारानं अंथरुणाला खिळले. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस. त्यांची सून मशीन मागायला आली. माझ्याकडे एकच जुनं होतं, ओल धरलेल्या मण्यांचं. नवे मणी यायला आठवडा लागणार होता. भट्टी आणि ऑक्सिजन मोजायचा मीटर, दोन्ही सुट्टीमुळे कुलपात. गच्चीवर बायकोनं कुरडया घातल्या होत्या. मी शेजारी जुनं धोतर अंथरून मणी पसरले. आपल्या उन्हात काय वाळत नाही? दोन दिवसांनी ते मुठीत खडखड वाजले. मी भरले, मशीन देऊन आलो.

उघड्यावर ते दोन दिवस हवेतली ओलच पीत होते. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. मशीन घुरघुरत होतं, त्याला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे उठत होते. काकांची नखं निळसर दिसली.

"मास्तर, वारं तर येतंय नाकात," ते थांबत थांबत म्हणाले, "पण दम भरंना. तुमची मशीन लई सुस्त हाय, आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यावानी. नुसती गुरगुरती."

सून हसली. मीही हसलो.

"भाऊ, मशीन बरोबर हाय ना?" तिनं विचारलं.

"व्हय. सवय व्हायला वेळ लागतो."

हेच ते वाक्य. ते घर सोडताना मागून ती घुरघुर ऐकू येत होती आणि मी पाय उचलत होतो.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुख सरांकडे प्रयोगशाळेची किल्ली मागितली, मीटर घेऊन गेलो. नळीतून येत होती ती जवळपास त्या खोलीतलीच हवा. मी काहीतरी पुटपुटलो, ओळखीच्या दुकानातून दुसरं मशीन आणून लावलं, माझं उचलून घरी आणलं. नखांचा रंग हळूहळू परतला. काका मात्र त्यानंतर उठून बसले नाहीत.

दिवाळीच्या आधी ते गेले. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा होता. असेलही.

सून मशीन परत द्यायला आली, स्वच्छ पुसून, चादरीत गुंडाळून. "तुमच्यामुळं मामंजी एवढे दिवस राहिले, भाऊ."

तिला सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं.

"चहा टाकायला सांगतो," मी म्हणालो.