ओढ्याकाठचा डबा

आई गेल्यावर बाबा नाशिकचं घर बंद करून आमच्याकडे सिडनीतल्या स्कोफिल्ड्सला आले. व्हिसा पाहुण्याचा होता, त्यामुळे कधीतरी परत जावं लागणारच होतं. त्याबद्दल बाबा आणि मी, दोघंही बोलायचं टाळायचो. आम्ही नवराबायको कामावर गेलो की आमच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. बाबा येताना शब्दकोड्यांची कात्रणं घेऊन आले होते. ती सोडवून झाली, की खोडरबरने पुसून पुन्हा पहिल्यापासून सोडवायला बसायचे.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला जिओकॅशिंगचं सांगितलं. कोणीतरी कुठेतरी डबा लपवतं आणि ॲपवर कोडी टाकतं. ती सोडवली की डब्याची जागा कळते. डबा सापडला की आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं आणि तो होता तिथे ठेवून द्यायचा. बाबांना हे फारच आवडलं. "म्हणजे पायांनी सोडवायचं शब्दकोडं," ते म्हणाले.

त्यांच्या परतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघंच निघालो. सिडनीपासून बरंच लांब, स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं एक जुनं गाव आहे. दगडी चर्च, बंद पडलेली शाळा, एक पब, बाकी सगळी मेंढ्यांची कुरणं. कोड्यातला एक आकडा चर्चच्या कोनशिलेवरून मिळाला, शाळेच्या घंटेवरून दुसरा. बाबा स्वेटरच्या बाह्या सरसावून पुढे पुढे चालत होते. आई गेल्यापासून त्यांना इतकं भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं.

तिसरा आकडा दफनभूमीत होता, एका दगडावर कोरलेलं वय. बाबांनी चष्मा वर करून, शेवाळ नखाने खरवडत ती अक्षरं लावली. मग बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"काय झालं, बाबा?"

"ही बाई मुलाबरोबर आलीय इथे. सत्तरीत. बोटीने." ते दगडाकडेच बघत होते. "हिला कोणी विचारलं नसेल, नाही गं? किती दिवस राहणार म्हणून."

मी म्हटलं, "वय सांगा, मी फोनमध्ये टाकते."

त्यांनी सांगितलं. जागा निघाली ती गावाबाहेरच्या ओढ्याकाठी, एका आडव्या पडलेल्या निलगिरीच्या खोडाखाली. बाबांनी खिशातलं पेन काढून हातात धरलं आणि गुडघ्यांवर बसले. खोडाखाली ओला पाचोळा होता. मी दुसऱ्या बाजूने बघितलं. काहीच नव्हतं. मग मी ॲपमध्ये आधीच्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. शेवटच्या तिघाचौघांनाही डबा मिळाला नव्हता. एकाने लिहिलं होतं, पुरात गेला असावा. डबा ठेवणाऱ्याने कोणालाच उत्तर दिलं नव्हतं.

"बाबा, डबा नाहीये इथे. वाहून गेलाय."

"आपलं गणित चुकलं असेल."

"गणित बरोबर आहे. जागा हीच आहे."

"थांब जरा. अजून खाली बघतो."

ते हातांनी माती उकरायला लागले. मी दोनदा 'उठा' म्हटलं, तरी उठेनात. शेवटी मी त्यांच्या खांद्याला धरलं, तेव्हा ते तसेच मागे सरकून चिखलात बसले.

"मला परत नाही जायचं गं," ते म्हणाले. "तिथे सकाळी उठून चहा कुणासाठी टाकायचा?"

मला जे माहीत होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं. हॅरिस पार्कमधल्या व्हिसा एजंटकडे मी आधीच जाऊन आले होते. आईवडिलांना कायमचं आणायच्या व्हिसाची रांग किती वर्षांची आहे, ते त्याने मला समजावलं होतं. मग बाबांचं वय विचारलं आणि समोरचा फॉर्म परत फाइलमध्ये ठेवला होता.

"बघू आपण काहीतरी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं, असं मला अजून वाटतं. मी पाण्याच्या बाटलीने त्यांचे हात धुतले. नखांत माती राहिलीच. परतताना त्यांना भूक नव्हती. घराजवळचं ब्लॅकटाउन येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते, आणि मी रेडिओ लावला तर म्हणाले, "नको."

ते नाशिकला परत गेले. मी पुन्हा बोलवायची तयारी करत होते, तेवढ्यात ते बाथरूममध्ये पडले. कंबरेचं ऑपरेशन झालं. आता एवढा लांबचा प्रवास जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी रजा काढून गेले, त्यांची नाशिकच्याच एका वृद्धाश्रमात सोय केली आणि रजा संपल्यावर परत आले.

रविवारी मी फोन करते. तिथली बाई त्यांच्या हातात फोन देते. "जेवलात का?" मी विचारते. ते "हो" म्हणतात. "काही हवंय का?" तर "नाही". मागे कोणाचा तरी टीव्ही मोठ्याने चालू असतो. परवा त्यांनी त्या बाईला विचारलेलं मला ऐकू आलं, "कोण बोलतंय?" तिने माझं नाव सांगितलं. "बरं," ते म्हणाले, आणि फोन तिच्या हातात परत दिला.