खालच्या तबेल्याचं निशाण

पागमळ्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाच्या तोंडाशी, जांभ्या दगडाचा एक लांबट चौथरा आहे. त्यात सतरा लोखंडी नळ्या रोवलेल्या आहेत. एक नळी एका तबेल्याची. पंधरा रिकाम्या आहेत, दोन नळ्यांत निशाणं फडकतात. गुहागरकडून येणारे पर्यटक तबेले बघतात, घोड्यांबरोबर फोटो काढतात आणि या चौथऱ्यावर बसून शहाळी पितात. आपण कशावर बसलोय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

शर्यत वर्षातून एकदा, शिमग्याला मुंबईकर गावी असताना होते. जो तबेला सलग बारा वर्षं हरेल त्याचं निशाण उतरवायचं आणि पुन्हा कधी लावायचं नाही, असा इथला जुना नियम. सतराचे दोन झाले ते असे. आता उरलेत वरचा तबेला आणि खालचा तबेला. खालचा तबेला आसिया परकार यांचा. यंदाच्या शर्यतीला उतरल्या तेव्हा त्या अकरा वर्षं सलग हरलेल्या होत्या.

आसिया चौपन्न वर्षांच्या आहेत. गावात सगळे त्यांना आपा म्हणतात. त्यांच्या वडिलांचे वडील याच तबेल्यात मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांचा खरारा, चारापाणी सांभाळणारे. तबेला पुढे त्यांच्याकडेच आला. गावात सांगतात की पूर्वी अरबस्तानातून घोडे गलबतांनी येत आणि खाडीतून इथे उतरत. आसियांना त्यात फारसा रस नाही. घोडा कुठून आला यापेक्षा आज सकाळी त्यानं किती कुळीथ खाल्ले हे त्या आधी सांगतात. दोघे भाऊ आखातात नोकरीला गेले, तेव्हा तेहेतिसाव्या वर्षी तबेल्याच्या चाव्या त्यांच्या हातात आल्या. तेव्हा सहा घोडे होते. आता एकच घोडी आहे. काळ्या अंगावर बारीक पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव खसखस.

इथल्या शर्यतीची दुसरी रीत जास्त कठीण आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूच्या पुळणीच्या मधोमध बांबूच्या काठ्या रोवून दोन पट्टे करतात. समुद्राकडचा पट्टा म्हणजे पाणबाजू. तिथली ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. बनाकडचा पट्टा म्हणजे सुरूबाजू, तिथे कोरड्या वाळूत घोड्याचे खूर रुततात. आदल्या वर्षी जिंकलेल्याला पाणबाजू मिळते आणि काठ्यांची रेघ ओलांडली की घोडा बाद. त्यामुळे जो जिंकतो तोच पुन्हा जिंकतो. वरच्या तबेल्याचा विनीत सात वर्षं असा जिंकत आला, त्याआधी चार वर्षं त्याचे वडील.

दोन वर्षांपूर्वी खसखशीच्या पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, घोडी चालेल, पळणार नाही. आसियांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या तिला रोज सकाळी समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी करू लागल्या. पाऊण तास. लाटा पायावर आपटायच्या आणि घोडी कान पाडून उभी राहायची. पावसाळ्यात समुद्र खवळला तेव्हा खाडीत नेली. सूज उतरायला आठ महिने लागले. मग त्यांनी तिला चालवायला सुरुवात केली, तीही कोरड्या वाळूत. घट्ट वाळूचा हादरा पायाला बसतो, मऊ वाळूत बसत नाही, एवढाच त्यामागचा विचार. शर्यतीचा घोडा मऊ वाळूत तयार करायचा हे पागमळ्यात कुणी केलेलं नव्हतं. सुरूबाजू मिळालेले तबेलेही वर्षभर सराव ओल्या वाळूतच करत. तिथे घोडा छान पळतो आणि बघणाऱ्याला बरं वाटतं.

विनीत येताजाता बोलायचा. "आपा, घोडी पाळलीस का म्हैस? सकाळ झाली की पाण्यात."

"म्हैस दूध तरी देते. तुझा तुफान काय देतो?"

"निशाण राखतो," विनीत म्हणाला.



स्वार मिळणं अवघड होतं. इथे खोगीर घालत नाहीत. उघड्या पाठीवर मांड्यांच्या जोरावर बसायचं असतं. मुंबईहून येणारे पुतणे आता सत्तर-सत्तर किलोचे झालेत. आसियांनी लवूला विचारलं. लवू बेचाळीस वर्षांचा, वजन एक्कावन्न किलो, पोफळीवर चढून सुपाऱ्या उतरवण्याचा धंदा. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर जाणारा माणूस. घोड्यावर तो कधी बसला नव्हता. पहिल्या दिवशी दोनदा पडला. तिसऱ्यांदा टिकला तेव्हा म्हणाला, "पोफळीला लगाम नसतो, आपा. हिला हाय. म्हंजे सोपंच की."

शर्यत धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी होती. रोजे चालू होते. आसियांनी पहाटे सहरीचं जेवण केलं, नमाज पढली आणि घोडीला घेऊन किनाऱ्यावर आल्या. त्या दिवशी ओहोटी सातच्या सुमारास पुरी होणार होती आणि शर्यत साडेसातला ठरली होती. पण विनीतनं यंदा मुंबईहून एक बडे पाहुणे बोलावले होते. मांडव घातला होता, लाऊडस्पीकर होता. पाहुण्यांच्या गाडीला उशीर झाला.

सव्वाआठला आसिया मांडवाशी गेल्या. पंच गफूरचाचा तिथे खुर्चीवर बसले होते. वय शहात्तर, उमर जहाजावर गेली, गळ्यात तिथलंच स्टॉपवॉच. त्यांच्यासमोरच आसिया विनीतला म्हणाल्या, "पाणी फिरलं. आता घोडे सोड."

"पाहुणे निघालेत, आपा. पाच मिनिटं."

"पाणीपण निघालंय."

लोक हसले. विनीतही हसला. आसिया परत जाऊन घोडीजवळ उभ्या राहिल्या. पाहुणे नऊ चाळीसला आले, हार-तुरे झाले आणि दहाला पाच मिनिटं कमी असताना गफूरचाचांनी हातातला रुमाल खाली टाकला.

चौथऱ्यापासून खाडीच्या मुखापर्यंत जायचं, तिथल्या आपापल्या पट्ट्यातल्या बांबूला वळसा घालून परत यायचं. एकूण दीड किलोमीटर. जाताना तुफान पुढे होता. पाण्यानं पाणबाजूचा निम्माअधिक पट्टा घेतला होता, पण काठ्यांलगत अजून घट्ट वाळू शिल्लक होती आणि तो तिच्यावरून सुसाट गेला. खसखस तीस-चाळीस हात मागे. लवू तिच्या मानेवर पुरता वाकला होता, पोफळीला मिठी मारावी तसा. किनाऱ्यावर वरच्या तबेल्याची माणसं ओरडत होती. आसिया घोडीकडे बघत नव्हत्या. त्या वाळूत पडलेले तिच्या खुरांचे ठसे बघत होत्या. डाव्या पायाचा ठसा उजव्याइतकाच खोल होता.

वळसा घालून परत फिरताना लाट थेट काठ्यांपर्यंत आली. तुफानाच्या पायांत फेस शिरला. ज्या घोड्यानं आयुष्यात पाण्यात पाय घातला नव्हता, तो बिचकला. स्वारानं टाच मारली, तर तो काठ्यांकडे सरकू लागला. रेघ ओलांडली तर बाद, म्हणून स्वारानं त्याला पुन्हा पाण्यात ओढलं. तेवढ्यात खसखस बाजूनं निघून गेली. तिचा वेग वाढला नव्हता. तो फक्त कमी होत नव्हता. वर्षभर जिथे पाय टाकले त्याच वाळूत ती पाय टाकत होती. चौथऱ्यापाशी ती पोचली तेव्हा तुफान साठ हात मागे होता.

लवू उतरला आणि खालीच बसला. आसियांनी आधी घोडीचा डावा पाय हातात घेतला, गुडघ्यापासून खुरापर्यंत चाचपला आणि मग सोडला.

विनीतची माणसं गफूरचाचांभोवती जमली. पाण्यामुळे निकाल फिरला, उद्या ओहोटीला शर्यत पुन्हा घ्या, अशी त्यांची मागणी होती. उशीर कुणामुळे झाला आणि आपांनी आधी काय सांगितलं होतं, हे चाचांनी त्यांना शांतपणे ऐकवलं. तरी गलका थांबेना, तेव्हा आसिया पुढे आल्या.

"उद्या पळवते. बाजू त्याच राहू देत. विनीत पाण्याकडं, मी सुरूकडं."

जिंकलेली बाई खराब बाजू मागत होती. विनीत होय म्हणणार होता, तेवढ्यात चाचांनी घड्याळ त्याच्यासमोर धरलं. दोन मिनिटं एकवीस सेकंद. मग खिशातली वही काढून मागच्या वर्षीचं पान दाखवलं. तुफान, पाणबाजू, घट्ट वाळू, पूर्ण ओहोटी. दोन मिनिटं पंचवीस सेकंद.

विनीतनं ते दोनदा वाचलं. मग वही मिटून चाचांच्या हातात दिली आणि म्हणाला, "निशाण राहू दे आपांचं."

संध्याकाळी रोजा सोडल्यावर आसियांनी निशाण उतरवून धुतलं आणि सकाळी पुन्हा नळीत लावलं. आता पाणबाजू त्यांची आहे. पण त्या सकाळी ओहोटीची चकचकीत वाळू रिकामी होती आणि खसखस बनाच्या कडेनं, कोरड्या वाळूत चालत होती. थोड्या वेळानं विनीत तुफानला हातात धरून खाली आला. घोड्याला त्यानं कोरड्या वाळूत घातलं. दहा पावलांत घोडा अडला. विनीतनं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "आपा, किती दिवस लागतात?"

आसियांनी घोडी थांबवली नाही. चौथऱ्यावरच्या दोन निशाणांकडे त्यांनी बोट दाखवलं.

"घाई कशाला? बारा वर्षं हायत तुझ्याकडं."