लूम बंद करून दिलेलं उत्तर

मंडळी, आमच्या बुऱ्हानपूरच्या कापड विणायच्या कारखान्याच्या गेटवर ‘कामासाठी उत्तम कंपनी’ असा बोर्ड आहे. आज त्या बोर्डासाठी सर्व्हे करणाऱ्या मॅडम पुन्हा आल्या. लूमच्या खडखडाटात मॅनेजरच ओरडले, "सब खुश हैं!" आम्ही बायांनी नेहमीसारख्या माना डोलावल्या.

मॅडमनी विचारलं, "लेकीला इथं कामाला लावाल?"

बुधवारा मोहल्ल्यातल्या शोभाताईनं आपला लूम बंद केला. मग मी. मग सगळ्यांनीच. शेडमध्ये एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली!

"नाही लावणार," ताई म्हणाली. "बायकांना संडास नाही इथं. म्हणून आम्ही दिवसभर पाणीच पीत नाही."

मॅडमनी तसंच्या तसं लिहून घेतलं. संध्याकाळी मिस्त्री जागा मोजायला हजर!

तुमच्या गेटवरचा बोर्ड राहू द्या. लेकीला तिथं लावाल का, तेवढं सांगा.