वाइनकाकांचं नाक

वाइनकाकांच्या घरी वाइन प्यायला गेलेल्या माणसाला पहिले दोन तास वाइन मिळत नसे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी वेस्ट विंडसरच्या त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही दहाबारा मराठी माणसं जमायचो. टेबलावर एक ग्रीक बाटली आणि शेजारी काका, इसवी सनापूर्वीपासून सुरुवात करून. कोणी बाटलीकडे पाहिलं की म्हणायचे, "थांबा. अजून तुर्क जायचे आहेत."

काका रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. तरुणपणी कंपनीने त्यांना एका प्रोजेक्टसाठी आठ महिने ग्रीसला पाठवलं होतं. प्रोजेक्ट कॅन्सल झाला, ग्रीस राहिला. प्राचीन ग्रीक वाइनमध्ये पाणी घालून पीत आणि नुसती पिणाऱ्याला रानटी समजत, हे सांगताना त्यांची नजर व्हिस्कीत बर्फसुद्धा न घालणाऱ्या कुलकर्णीकाकांवर असे. मातीचे रांजण पाइनची राळ लावून बंद करत, वाइनला तिचा वास लागे. रांजण गेले, पण वासाची सवय गेली नाही. "आपण नाही का," काका म्हणत, "डिशवॉशर घेतो आणि भांडी हाताने घासून त्यात वाळत घालतो."

मग युरोपभर द्राक्षवेलींची मुळं खाणारी कीड यायची. ज्वालामुखीच्या राखेच्या एका बेटावर मात्र तिचं काही चाललं नाही. तिथे वारा फार, म्हणून वेल मांडवावर न चढवता जमिनीवरच टोपलीसारखी वळवतात आणि द्राक्षं आत लपून वाढतात. हे सांगताना त्यांनी एकदा माझ्याकडे बोट दाखवलं. मी तोवर वर्षभर शेवटच्या खुर्चीत बसून एक शब्द बोलले नव्हते. सगळे हसले. मीही हसले, कारण ते बरोबर होतं.

शेवटी ग्रीसवर राज्य करणारे तुर्क जायचे, फ्रान्समध्ये शिकलेली ग्रीक पोरं परत येऊन आजोबांची विसरलेली द्राक्षं पुन्हा लावायची आणि बाटली उघडायची. काका ग्लासात नाक घालून जाहीर करत, "लिंबू. ओला दगड. थोडं मीठ." मग सगळ्यांना लिंबू, दगड आणि मीठ लागायचं.

एका जानेवारीत बाटली उघडली आणि मला बर्फात दाराशी भिजत पडलेल्या पार्सलच्या खोक्याचा वास आला. काका म्हणाले, लिंबू. सगळे म्हणाले, लिंबू. कुलकर्णीकाकांनी दुसरा ग्लास घेतला.

ग्लास वर न्यायला मी मागे थांबले. काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कशी होती? मी नेहमी 'छान' म्हणायचे. त्या दिवशी खोक्याचं सांगून टाकलं, बाटली बिघडलेली होती हेही.

काका बराच वेळ एकच ग्लास पुसत राहिले. मग म्हणाले की एका आजारपणानंतर दोन वर्षं त्यांना कसलाच वास येत नाही. काकूंनाही सांगितलं नव्हतं. फोडणी जळली की ते काकूंच्या चेहऱ्यावरून ओळखायचे.

"हे कळलं की लोक येतील कशाला? माझ्याकडे राहिलं काय, सनावळ्या?"

पुढच्या महिन्यापासून मी अर्धा तास आधी जाऊन वास घ्यायचे आणि त्यांना सांगायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडत नसे. इथे सुटका नव्हती. "लिंबू म्हणजे नक्की कुठलं? सरबताचं की लोणच्याचं?" सांगेपर्यंत सोडायचे नाहीत.

दीड वर्षाने मला सांता क्लाराला नोकरी लागली. काकांना सांगायला मला आठवडा लागला. ते अभिनंदन म्हणाले, व्हिसाची चौकशी केली आणि तिकडे थंडी नसते एवढंच बोलले.

माझ्या शेवटच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांत आधी बाटली उघडली.

"मला साडेतीन वर्षं वास येत नाही," ते म्हणाले. "ही मला सांगायची, मी तुम्हाला सांगायचो."

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी वड्यांचं ताट खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

मग कुलकर्णीकाका घसा खाकरून म्हणाले, "मला तर कधीच काही कळलं नाही, यार. आंबट लागते, एवढंच." त्यांच्या बायकोने मान हलवली. मागचे दोघे म्हणाले, सेम. एकेक करत सगळ्यांनी कबुली दिली. काकांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वर्गात नाक एकच होतं," ते म्हणाले, "आणि ते मंगळवारी कॅलिफोर्नियाला चाललंय."

मग त्यांनी एक ग्लास भरून कुलकर्णीकाकांच्या नाकाखाली धरला आणि हात मागे घेतला नाही. कुलकर्णीकाकांनी डोळे मिटून वास घेतला. पुन्हा घेतला. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

उत्तर मला येत होतं. मी गप्प बसले.