आईनं बसवून घेतलेलं दार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आमचं गाव शनिशिंगणापूर. आमच्या घराला चौकट होती, पडदा होता, दार नव्हतं. कडी लावायची सवयच आईच्या हाताला नाही. आणि मी घरातला पहिला पदवीधर. मेलबर्नला नोकरी लागली तेव्हा गणिताच्या सरांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं होतं.

पुढे आईला दोन महिने तिकडे नेलं. तिला परत पोचवताना क्वालालंपूरला विमान बदलायचं होतं, म्हणून मुद्दाम दोन दिवस थांबलो. तिला शहर दाखवायचं होतं ना! काचेचे उंच मनोरे बघून म्हणाली, "येवढं पुसतं कोन रं?" दुसऱ्या दिवशी शहराबाहेरचं गुहेतलं मुरुगनचं देऊळ. पायऱ्या संपेनात. आई धापा टाकत हसली, "आपला देव बरा बाबा. उघड्यावर हुबा हाय, चढायला लागत न्हाई."

देवळात जायचं म्हणून मी त्या दिवशी बूट हॉटेलातच ठेवले होते. दमट हवेत घामानं पट्टा खराब होईल म्हणून घड्याळही काढलं होतं. कुठं ठेवलं, ते संध्याकाळी काही केल्या आठवेना. आणि खोलीचं दार — उघडंच! आपोआप लागणारं दार आईला सोसत नव्हतं. निघताना तिनं फटीत पायपुसणं सारून ठेवलं होतं.

"हे काय शिंगणापूर आहे का?" मी तिच्यावर ओरडलो.

मग तक्रार केली. खोली झाडणाऱ्या बाईला बोलावलं. तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, सेल्वी. मॅनेजरनं आमच्यासमोर तिची पिशवी उपडी करायला लावली. डबा, कंगवा, विभूतीची पुडी. आई हळूच म्हणाली, "ती तशी न्हाई वाटत रं." मी म्हणालो, "तू गप्प बस." बाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. मी मॅनेजरचे आभार मानले.

सकाळी निघताना बुटात पाय घातला. अंगठ्याला काहीतरी थंड लागलं.

घड्याळ. मीच ठेवलेलं. चालू होतं.

आई न्हाणीघरात होती. मी ते खिशात टाकलं. खाली मॅनेजरनं पुन्हा माफी मागितली. एक वाक्य पुरलं असतं. इंग्रजी तर मला येत होतं — त्यासाठीच सगळ्यांनी मला शिकवलं होतं ना? मी म्हणालो, "इट्स ओके."

विमानतळावर आई म्हणाली, "माझ्यामुळं गेलं सरांचं घड्याळ. त्या बाईचं काम बी गेलं." मी म्हणालो, "जाऊ दे, आई." म्हणजे — मी तिला क्षमा केली!

एवढ्यावरही थांबलो नाही. शाळेत सत्कार झाला तेव्हा हाच किस्सा सांगितला. आपल्या गावात दारं नाहीत, आणि तिकडं बघा, भरदिवसा घड्याळ जातं! टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सरही टाळ्या वाजवत होते. घड्याळ तेव्हा माझ्या बॅगेत होतं. अजूनही असतं.

त्या बाईचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. हॉटेलचा नंबर आजही फोनमध्ये आहे.

गेल्या वर्षी गावात नवं घर बांधलं. आईनं एकच गोष्ट मागितली — दार. "माझी सवय लई वाईट हाय रं. माझ्यापायी एका बाईचं वाटोळं झालं." शेजारणी तिला हसल्या. मी सुतार बोलावला.

आता ती आतून कडी लावते आणि दोनदा ओढून बघते. मी सुट्टीत गेलो की बाहेर उभा राहून दार वाजवतो.

"कोन हाय?" आतून आई विचारते.

मी म्हणतो, "मीच."